चौथी रिंग

सतरा वर्षं मी वॉशिंग मशिनं कानांनी दुरुस्त केली.
लिएपायाच्या बंदरामागची काचेची इमारत, दुसरा मजला,
हेडफोनचा फोम चुरून चुरून केसांत.
तिसऱ्या रिंगच्या आत फोन उचलायचा;
चौथी वाजली की नावापुढे लाल ठिपका.

लोक मशीनची नक्कल करून दाखवत.
एक मास्तर घुर्र घुर्र करत राहिले घसा बसेपर्यंत.
एका बाईने रिसीव्हरच टेकवला फिरत्या ड्रमला,
आणि मी डोळे मिटून ओळखलं:
बेअरिंग गेलंय.
कधी पट्टा सैल असायचा, कधी काहीच नाही,
नुसता एक पाय आखूड, खाली पुठ्ठा सरकवा.
पण पुठ्ठा सरकवा म्हणायची मुभा नव्हती.
"आमचे तंत्रज्ञ नऊ दिवसांत येतील"
एवढंच वाक्य माझं. तेही माझं नव्हे.

राजीनामा दिला तेव्हा साहेबांनी विचारलं,
दुसरीकडे किती देतायत?
म्हटलं, दुसरीकडे मीच आहे.
ते हसले, मीही हसले.
घरी येताना मात्र जिन्यातच बसून राहिले
तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये,
मांडीवर ऑफिसातलं कॅक्टसचं कुंडं.

व्हॅन मिळाली एका मासेवाल्याकडून.
तीनदा रंग दिला, तरी कडक ऊन पडलं की
"विझ्मा – वॉशिंग मशीन दुरुस्ती"च्या खालून
"ताजे धुरवलेले मासे" वर येतात.
जिथे थांबते तिथे मांजरं जमतात.
नवरा म्हणतो, गिऱ्हाइकं तर आली.

पहिला फोन आला, आणि तोंडातून जुनंच निघालं:
"आपला कॉल आमच्यासाठी..."
तिथेच अडले.
आमच्यासाठी म्हणजे कुणासाठी?
व्हॅनमध्ये मी एकटी, मांडीवर पक्कड,
सकाळचे साडेआठ.

स्काइद्रीते आजींचं मशीन पाणी सोडत नव्हतं.
फिल्टरचं झाकण फिरवलं तसं ते सगळं माझ्या बुटांत.
मागून लोकरीचं भेंडोळं, शर्टाचं बटण,
आणि एक नाणं, वीस संतीमांचं,
युरो येण्याआधीचं,
इतक्या वर्षांच्या धुण्यात गुळगुळीत झालेलं.
"अर्विड्सचं," आजी म्हणाल्या.
"मेला महिनाभर माझ्यावर संशय घेत होता."
आणि मग, जरा थांबून,
"मेला," पुन्हा एकदा, वेगळ्या आवाजात.

"किती झाले?"
सतरा वर्षं दर कॉम्प्युटर सांगायचा, मी फक्त वाचायची.
पंचवीस, म्हटलं,
आणि त्यांनी पर्स उघडायच्या आधीच, वीस चालतील.
पंधराही...
"अगं, दुकान मांडलंयस की उधळायला बसलीयस?
पंचवीस म्हणालीस ना."
मोजून दिले. वर ते नाणंही ठेवलं:
"हे कुठेच चालत नाही. तूच ठेव."

ती माझी भवानी.
डॅशबोर्डवर च्युइंगमने चिकटवली आहे.

त्यानंतर चार दिवस काही नाही.
फक्त वारा, आमच्या गावचा, जो कुणाचंच देणं लागत नाही.
वहीत मांडते: डिझेल, रबरी नळी, बूट.
भीतीला रकाना नाही,
म्हणून ती समासात, पेन्सिलीने.
ऑफिसातली पांचट कॉफीसुद्धा आठवते,
आणि नुसत्या तारखेच्या जोरावर येणारा तो पगार.

गुरुवारी दुपारी भांडी घासत होते. फोन वाजला.
एक. दोन. ओट्यावर थरथरत सरकत होता.
तीन.
चौथी मी वाजू दिली.
कुणी ठिपका दिला नाही.
खाली ट्राम वळली, आणि फेस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत गेला,
आणि ती इतकी गोड वाजली
की पाचवीचीही वाट पाहिली.

पाचवी आलीच नाही.
हात पुसायलाही न थांबता
मीच उलटा फोन लावला.